ओसरीखालची शिकवणी

माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी सॅक्सोफोन धुतला.

भर दुपार. सांगलीत, विश्रामबागेकडं जाणाऱ्या रस्त्यावरचा बंगला. अंगणात आड. गड्यानं बादली शेंदली आणि त्या पिवळ्याधमक वाद्यावर ओतली. तोंडापासनं खालपर्यंत. आणखी एक ओतली. मग आतनं वाटीत गोमूत्र आलं. ते शिंपडलं. मग पुन्हा पाणी.

मी ओरडलो, "पाणी घालू नका! आत कातड्याच्या गाद्या आहेत, फुगतील. वाद्य मरंल!"

ओसरीवरनं रावसाहेब म्हणाले, "तू गप. तोंड लावताना आठवलं नाही?"

मी तोंड लावलं होतं. हा माझा गुन्हा. त्या घरी मी सॅक्सोफोन शिकवायला जात होतो. मास्तर होतो. सॅक्सोफोन तोंडानंच वाजतो. पण मास्तरानं तोंड लावलं म्हणून वाद्य बाटलं. त्या वाद्याच्या पोटात मेलेल्या जनावराचं कातडं होतं, ते चाललं. माझे ओठ चालले नाहीत.

मला पहिला राग आला तो वाद्यासाठी. असलं वाद्य सगळ्या सांगलीत दुसरं नव्हतं, आणि गडी त्याला म्हैस धुवावी तसं धूत होता. स्वतःसाठी राग यायला वेळ लागला. लय वेळ लागला. जन्मापासनं ज्याची सवय लावलेली असते, त्याचा राग चटकन येत नाही.

आडाच्या पलीकडं माझा बा उभा होता. डोक्याचा पटका काढून हातात धरलेला. तो सगळं बघत होता.

आम्ही मांग. वाईच्या अलीकडं, कृष्णेच्या काठाला आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला मांगवाडा. बा सनई वाजवायचा, चुलते हलगी. आमच्या वाजंत्रीशिवाय गावात लग्न लागत नव्हतं, आणि लग्नाच्या मांडवात आम्हाला पाऊल टाकता येत नव्हतं. मांडवाबाहेर, खरकटी पानं टाकायच्या जागेजवळ आमचं पोतं अंथरलेलं असायचं. तिथनं वाजवायचं. पंगती उठल्या की उरलंसुरलं आमच्याकडं यायचं. बा ते खायचा, तोंड पुसायचा आणि पुन्हा सनई हातात घ्यायचा.

मी लहान असताना एकदा विचारलं होतं, "बा, आपला आवाज मांडवात जातोय. मग आपुन का न्हाई?"

बा म्हणाला, "आवाजाला अंग नसतंय, बाबा."

एवढंच बोलला. त्यात राग नव्हता, दुःख नव्हतं. पाऊस वरनं पडतो तसं त्यानं सांगितलं.

मोठी लढाई लागली तेव्हा मी साताऱ्याला जाऊन पलटणीत भरती झालो. वाजंत्र्याचं पोर म्हणून मला बँडात घातलं. आमचा बँडमास्तर गोव्याचा होता. लढाईच्या आधी मुंबईच्या बड्या हॉटेलांत नाचाच्या बँडात वाजवायचा. साहेब लोकांचं जॅझ त्याच्या बोटांवर होतं. पहिल्या दिवशी त्यानं आपल्या तोंडातनं सॅक्सोफोन काढला आणि माझ्यापुढं धरला. फुंकायच्या टोकाची वेताची पत्ती त्याच्या थुंकीनं ओली होती.

"फुंक," तो म्हणाला.

मी हात मागं घेतला. म्हणालो, "सर, मैं मांग हूँ."

"वो मेरे को मालूम नहीं. ओंठ कसके पकड."

त्यानं माझा जबडा हातात धरला. अंगठ्यानं खालचा ओठ दातांवर दुमडला. दुसरा हात माझ्या पोटावर ठेवला आणि म्हणाला, इथनं श्वास आण. मी फुंकलं. सूर निघाला नाही, नुसता भसाडा आवाज निघाला. पण माझ्या अंगाला तोवर परक्या माणसाचा हात मारण्याशिवाय कधी लागला नव्हता. मी कितीतरी वेळ तसाच उभा होतो. मास्तरला वाटलं मला दम लागला.

पलटण आसामात गेली. दोन-तीन वर्षांत मी तयार झालो. संध्याकाळी अफसरांच्या मेसमध्ये नाच असायचे, तिथं आम्ही जॅझ वाजवायचो. कवायतीच्या बँडात नसलेली एक गोष्ट त्यात होती. धून ठरलेली, ती कागदावर लिहिलेली. पण मधे एक जागा अशी यायची की तिथं कागद संपायचा. बाकीचे मागं ताल धरून राहायचे, आणि एकजण उभा राहून त्याच धुनेवरनं आपल्या मनचं वाजवायचा. पुढं काय येणार हे कुणालाच माहीत नसायचं. वाजवणाऱ्यालाही नसायचं. मास्तर त्याला म्हणायचा, "अपना बोल."

माझ्यावर पहिल्यांदा ती पाळी आली तेव्हा मी नुसता उभा राहिलो. ताल चालू. सगळे माझ्याकडं बघतायत. माझ्या मनचं म्हणजे काय? आजवर ते कुणी मला विचारलंच नव्हतं. मांडवाबाहेर बसणाऱ्याला लोक सांगतात, हे वाजीव, ते वाजीव, आता बंद कर. तुझं काय म्हणणं आहे असं कोण विचारतो?

मग मला बाची सनई आठवली. नवरी सासरी निघाली की बा एक धून वाजवायचा. ती मी धरली, तोडली, वळवली, वर नेली. काय झालं मला कळलं नाही. संपल्यावर मास्तरानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या धुनेचा ताल दिला.

लढाई संपली. पलटणीतनं सुटताना मास्तरानं आपला जुना सॅक्सोफोन मला दिला. चाव्यांना रबराचे पट्टे बांधलेला. तो घेऊन मी सांगलीला आलो. तिथं लग्नात वाजवणारा एक बँड होता, त्यात लागलो. लाल कोट घालून वरातीपुढं चालायचं. नवरदेव घोड्यावर, आम्ही पायी.

अशाच एका वरातीत वसंतरावानं मला ऐकलं.

वसंतराव हा रावसाहेबांचा एकुलता मुलगा. रावसाहेबांची हळदीची पेढी होती, गावात मोठा मान होता. वसंतराव मुंबईला शिकायला गेला, तिथं त्याला जॅझचं वेड लागलं. परीक्षेत नापास झाला तेव्हा रावसाहेबांनी परत आणला. तो जेवेना, कुणाशी बोलेना. शेवटी रावसाहेबांनी मुंबईहून नवाकोरा सॅक्सोफोन मागवून दिला. पण शिकवणारा कोण? सांगलीत तबल्याचे, पेटीचे, गाण्याचे मास्तर गल्लोगल्ली होते. सॅक्सोफोनवाला मी एकटा.

रावसाहेबांनी मला फाटकाशी उभं करून सांगितलं, "शिकव. पण ओसरी चढायची नाही. त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. आमच्या वाद्याला तर मुळीच नाही. काय दाखवायचं ते तुझ्या वाद्यावर दाखव."

"रावसाहेब, श्वास कुठनं घ्यायचा ते हात लावल्याशिवाय कसं दाखवू?"

त्यांनी विचार केला. खरंच केला. मग आतनं वेताची एक छडी मागवली. "ह्यानं दाखव. लाकडाला विटाळ नसतो."

तर अशी माझी शिकवणी. ओसरीवर खुर्चीत तो, खाली अंगणात उन्हात मी. छडीचं टोक त्याच्या पोटाला लावायचं आणि म्हणायचं, इथनं. बोट चुकलं की छडीनं बोट दाखवायचं. ओठ मात्र छडीनं बसत नाहीत. ते त्याचे बसायला कितीतरी महिने गेले. फुंकून फुंकून माझ्या तोंडाला कोरड पडायची. पाणी मागितलं की गडी वरनं ओंजळीत ओतायचा. निम्मं सदऱ्यावर जायचं. ओल्या सदऱ्यानं मी पुढचा धडा द्यायचो.

वसंतराव माणूस वाईट नव्हता. त्याला कान होता. आम्ही दोघंच असलो की तो मला 'मास्तर, तुम्ही' म्हणायचा. रावसाहेबांच्या चपला वाजल्या की 'अरे' आणि 'तू' व्हायचं. ते इतकं सहज व्हायचं की त्याचं त्यालाही कळत नसावं.

कागदावरचं सगळं तो बिनचूक वाजवायला लागला. कागद संपला की थांबायचा. मी खालनं ताल धरायचो. टाळ्या वाजवत म्हणायचो, "आता सोडा तो कागद. मनचं वाजवा. चुकंना का, पण तुमचं वाजवा." तो डोळे मिटायचा, श्वास घ्यायचा आणि पुन्हा कागदावरचंच वाजवायचा. तेच सूर, त्याच क्रमानं. मग मान खाली घालायचा.

त्याच्या मनचं त्यालाही कधी कुणी विचारलं नव्हतं, हे मला दिसत होतं. मला त्याची दया यायची. पाय भाजत अंगणात उभा असलेला मी. मला त्याची दया यायची.

त्या दिवशी बा गावाहून आला होता. आपलं पोरगं बंगल्यात मास्तर आहे, ह्यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. सर्व्हिस मोटारीच्या टपावर बसून तो सांगलीला आला आणि म्हणाला, "मला बगायचंय. लांबनंच बगतो." धुतलेलं धोतर, नवा पटका. मी त्याला फाटकाबाहेर उभं केलं. तिथनं त्याला ओसरी दिसत होती.

रावसाहेब पेढीवर गेले होते. वसंतरावाचं काही केल्या जमेना. त्यानं वाद्य मांडीवर आपटल्यासारखं ठेवलं.

"मास्तर, तुमच्यातून निघतं ते माझ्यातून का निघत नाही? या वाद्यातच काहीतरी खोट आहे. तुम्ही एकदा यावर वाजवून दाखवा."

"मला परवानगी न्हाई."

"बाबा नाहीत. मी सांगतोय ना."

"नको, वसंतराव."

तो पायऱ्या उतरला. अनवाणी. माझं मनगट धरलं, वाद्याचा पट्टा स्वतःच्या गळ्यातनं काढून माझ्या गळ्यात घातला. त्याचा हात घामानं ओला होता. "तुम्हाला माझी शपथ आहे," तो म्हणाला.

मी तोंड लावलं.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात असं वाद्य आलं होतं. चाव्या नुसत्या विचारानं खाली जात होत्या. मी एक साधी नाचाची धून घेतली, तो शिकत होता तीच. आणि कागद संपतो त्या जागेवर आलो तेव्हा थांबलो नाही. मांडवाबाहेरचं पोतं वाजवलं. खरकट्या पानांवर भांडणारी कुत्री वाजवली. आसामातला चिखल, रबरी पट्ट्याची चावी, ओंजळीतनं सांडलेलं पाणी. मी काय काय वाजवलं मला आता सांगता येणार नाही. सूर वर गेला, तिथं फाटला, मी त्याला फाटू दिला.

डोळे उघडले तेव्हा वसंतराव खाली मातीत बसलेला. रडत होता. आणि बा फाटकाच्या आत आला होता. आडापर्यंत चालत आला होता. आपण आत आलोय हे त्याला कळलंच नव्हतं.

रावसाहेबांची गाडी कधी आली ते आम्हा तिघांनाही ऐकू आलं नाही.

"हे त्याच्या हातात कुणी दिलं?"

वसंतराव उठून उभा राहिला. विजारीची माती झटकली.

"वसंता, मी विचारतोय. कुणी दिलं?"

"त्यानंच घेतलं, बाबा. मी नको म्हणत होतो."

हे एकच वाक्य. मी त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. ज्या हातानं माझं मनगट धरलं होतं तो हात तो विजारीला पुसत होता.

मी म्हणालो, "रावसाहेब, हे खोटं हाय."

"माझा मुलगा खोटं बोलतो? तू मला सांगणार?"

मग आडावरनं बादली आली. पुढचं मी सांगितलंच आहे. वाद्य धुऊन झाल्यावर गड्यानं ते ओसरीच्या कडेला उन्हात उलटं ठेवलं. त्यातनं पाणी ठिबकत होतं. रावसाहेबांनी अंगणाकडं बोट दाखवलं. "आता इथं नाक घास आणि चालता हो. पुन्हा सांगलीत कुणाच्या दारात मास्तर म्हणून दिसलास तर याद राख."

मी उभा राहिलो. वाकलो नाही. आतनं काहीतरी मला वाकू देत नव्हतं, आणि ते काय आहे ते मला अजून माहीत नव्हतं.

गडी माझ्या दिशेनं निघाला. तेवढ्यात बा पळत आला.

"चुकलं जी. पोरगं हाय. पलटणीत जाऊन आलंय, त्याला रीतभात कळत न्हाई. पदरात घ्या."

आणि माझ्या बानं खाली बसून नाक घासलं. सॅक्सोफोन धुतलेल्या पाण्यानं अंगणात चिखल झाला होता. त्या चिखलात. नवा पटका बाजूला पडलेला. एकदा घासलं, वर बघितलं, रावसाहेबांची मान हलली नाही म्हणून पुन्हा घासलं.

"उठ," रावसाहेब म्हणाले. "तू शहाणा आहेस."

वसंतराव ओसरीवर उभा होता. खांबाला धरून.

आम्ही बाहेर पडलो. बाच्या नाकावरचा चिखल वाळत चालला होता. तो पुसायचं त्याला सुचलं नाही, आणि मला हात पुढं करायचं धाडस झालं नाही. नदीच्या वाटेला लागल्यावर तोच म्हणाला, "काय झिजलं न्हाई माजं."

मी विचारलं, "तू का घासलंस, बा?"

"तू घासणार न्हवतास. म्हणून."

थोडं पुढं गेल्यावर तो थांबला. हसला. नाकावर चिखल, आणि हसला. म्हणाला, "पर लय ग्वाड वाजिवलंस गड्या. आपली नवरीची धून हुती न्हवं मदी?"

तेव्हा मला राग आला. खरा राग. रावसाहेबांचा नाही फक्त. बाच्या त्या हसण्याचा आला. एवढं झाल्यावरही ह्या माणसाला सूर ऐकू आला होता, आणि अपमान ऐकू आला नव्हता. त्याच्या कानातनं तो काढून टाकला होता. पिढ्यान् पिढ्या. आवाजाला अंग नसतं, हे त्याला कुणी शिकवलं? ज्यांना आमचा आवाज पाहिजे आणि अंग नको, त्यांनीच. मला त्या वाटेवर ओरडावंसं वाटलं, आवाजाला अंग असतं! ओठ असतात, पोट असतं, घाम असतो! पण मी बाचा पटका उचलून घेतला होता तो त्याच्या डोक्यावर बांधला, आणि नाक माझ्या सदऱ्यानं पुसलं.

आठवडा उलटायच्या आत बँडवाल्या मालकानं मला लाल कोट परत मागितला. म्हणाला, "माझा इलाज नाही, बाबा. त्यांच्या वराती आमच्याकडंच असतात."

मी साताऱ्याला गेलो. सदर बझारात एका ख्रिस्ती म्हातारीनं मागची खोली दिली. बँडवाल्यांची मोडलेली वाद्यं दुरुस्त करायची, त्यावर पोट. माझा स्वतःचा सॅक्सोफोन आता बोलता बोलता अडकायचा. ऐकायला कुणी नव्हतं, बरोबर वाजवायला कुणी नव्हतं. एकट्यानं भिंतीपुढं वाजवत होतो.

देश स्वतंत्र झाला. चौकात पेढे वाटले. मीही रांगेत उभा राहिलो. वाटणाऱ्यानं ओळखलं आणि पेढा वरनं टाकला. मी झेलला. खाल्ला नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या बोळाच्या तोंडाशी मोटार थांबली. वसंतराव आला. बारीक झाला होता. दाराशी बूट काढून आत आला, माझ्या घोंगडीवर बसला.

"मास्तर, पाणी द्या."

मी तांब्या दिला. तो तोंड लावून प्याला. तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी. "बघा. तुमच्या घरचं पाणी प्यालो."

मी विचारलं, "कुणी बघितलं?"

"म्हणजे?"

"तुम्ही प्यालात, ते कुणी बघितलं?"

तो हसायला गेला. मग हसू गेलं.

बोलायला लागला तेव्हा थांबेना. त्या दिवसापासनं त्याला झोप नाही. वाद्य मुंबईहून दुरुस्त करून आणलं, पण तोंडाला लावतो आणि पुन्हा पेटीत ठेवतो. माझ्यासारखं वाजवणारा त्यानं मुंबईतही ऐकला नाही. आणि त्यानं सगळा विचार करून ठेवला होता.

"पाचगणीला मामांचा बंगला आहे. मोसम सोडला तर रिकामाच असतो. तुम्ही तिथं येऊन राहा. मला शिकवा. खुर्चीत बसा, माझ्या शेजारी. माझंच वाद्य वाजवा. एका ताटात जेवू आपण. तिथले नोकर तुम्हाला ओळखत नाहीत. मी सांगेन, गोव्याचे मास्तर आहेत. एखादं ख्रिस्ती नाव घेऊ. कुणाला कळणार नाही."

माझं मन गेलं. का जाणार नाही? ती खोली गळत होती. माझ्या वाद्याची वरची चावी तुटली होती. नवं वाद्य, थंड हवा, समोर कान असलेला माणूस. मला जे जे हवं होतं ते सगळं त्यानं त्या घोंगडीवर मांडलं होतं. तो आशेनं बघत होता.

पण ते शेवटचे शब्द. कुणाला कळणार नाही. ते माझ्या कानातनं जाईनात. म्हणजे मी पुन्हा मांडवाबाहेरच. फक्त ह्या खेपेला बाहेरचं पोतं बंगल्याच्या आत अंथरलेलं. आवाज पाहिजे, अंगही चालेल, पण नाव नको.

मी विचारलं, "वसंतराव, त्या दिवशी हात कुणी धरला होता?"

तो खाली बघत म्हणाला, "मी."

"हे सांगलीत म्हणा. ओसरीवर उभं राहून, रावसाहेबांसमोर. मी माझ्या बाला घेऊन येतो. त्याच्यासमोर म्हणा. मग मी पाचगणीलाच काय, तुमच्या ओसरीवर येऊन शिकवतो."

"मास्तर, ते आता कसं शक्य आहे? बाबांची तब्येत... आई तर अंथरूण धरेल. तुम्ही समजून घ्या. मनातून मी तुम्हालाच गुरू मानतो. देवाशपथ."

"मनातनं तुम्ही मला काय मानता, त्यानं माझ्या बाच्या नाकावरचा चिखल जात न्हाई."

"तुम्ही फार कठोर झालात."

"व्हय. झालो."

तो आणखी बसला. काहीतरी म्हणावं असं त्याच्या ओठांवर येत होतं आणि परत जात होतं. अगदी कागद संपल्यावर व्हायचं तसं. मी वाट बघितली. एक वाक्य म्हणाला असता, बरं-वाईट, चुकीचं, पण स्वतःचं, तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. तो उठला. बूट घातले. दाराबाहेर पाऊल टाकायच्या आधी त्यानं बोळात दोन्हीकडं बघितलं. कुणी बघत नाही ना, म्हणून. मग गेला.

तो पुन्हा आला नाही. मी वाटही बघितली नाही.

पुढं बा गाव सोडून माझ्याकडं साताऱ्याला राहायला आला. त्याला हे सांगितलं तेव्हा तो माझ्यावर चिडला. "जायाचं हुतंस की रं. खाऊन-पिऊन ऱ्हायला असतास. नावात काय हाय?"

मी म्हणालो, "बा, इथनं पुढं मी कुणाच्या मांडवाबाहेर बसून वाजवणार न्हाई. तूबी बसू नगंस."

"मी बसणार. माजं वय झालं आता. आन खायाचं काय?"

बा अजून लग्नाला जातो, बाहेर बसतो, उरलेलं घेऊन येतो. तो आणतो त्यातला घास मी खात नाही. तो ते बघतो आणि तोंड फिरवून जेवतो. आमच्या घरात ह्यावरनं रोज न बोलता भांडण होतं. त्याचं हे असं, माझं हे असं.

मी शिकवणं सोडलेलं नाही. साताऱ्यातल्या एका डॉक्टरनं निरोप पाठवला, मुलाला शिकवायला घरी या, बाहेरच्या बाजूला बसायची सोय करू. मी निरोप्याला दारातनंच परत लावला. पलटणीतनं सुटून आलेला एक महार हवालदार माझ्याकडं येतो. पलीकडच्या गल्लीतला पानाच्या ठेल्यावरचा तांबोळी येतो. दोघांत एक वाद्य, तेही अडकतं. बंगल्यातलं कुणी आलेलं नाही. येतील असं मला वाटतही नाही.

मी दार सताड उघडं ठेवून शिकवतो. रस्त्यानं जाणाऱ्याला दिसलं पाहिजे, कोण कुणाला लागून बसलंय. काहीजण थुंकून जातात. एकदा खडा आला, हवालदाराच्या कानशिलाला लागला. म्हातारी म्हणाली, दार लोटून घ्या. मी लोटलं नाही.

नवा कुणी शिकायला आला तर श्वास, ओठ, बोटं हे सगळं नंतर. आधी मी त्याला हे सांगतो. कुणाकडं शिकतोस असं विचारलं तर माझं नाव सांगायचं. जातीसकट सांगायचं. बाजारात सांगायचं, घरात सांगायचं, बापाच्या तोंडावर सांगायचं. जमत नसंल तर आत्ताच उठ.

बरेचजण उठतात. उठू देत. मी उपाशी राहीन, वाद्य विकून खाईन, पण चोरून कुणाचा गुरू होणार नाही.